विमान पाऊण तासाचे, प्रवास चार तासांचा

नाशिकचा ओझर विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. नकाशा उघडला तर दोन्ही ठिकाणांचे रेखांश ७३ अंश ५५ मिनिटांच्या आसपास येतात. फरक आहे तो अक्षांशांचा. ओझर २० अंश ७ मिनिटे उत्तरेस, तर लोहगाव १८ अंश ३५ मिनिटे. म्हणजे ९२ मिनिटांचे अंतर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, हा शालेय भूगोलातला नियम लावला की दोन्ही विमानतळांमध्ये ९२ सागरी मैल, अर्थात सुमारे १७० किलोमीटर अंतर भरते. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे एटीआर विमान हे अंतर कागदावर वीस मिनिटांत कापते. रस्त्याने हाच प्रवास सुमारे २१० किलोमीटरचा आणि चाकणच्या कोंडीची कृपा असेल तर साडेचार तासांचा. एरवी पाच तासांचा.

हा हिशेब इतका मोहक आहे की नाशिक-पुणे विमानसेवेची मागणी अधूनमधून डोके वर काढते. ती गैर आहे असे नाही. दोन्ही शहरांत उद्योग आहेत, दोन्हीकडे नोकरी-शिक्षणासाठी ये-जा करणारा मोठा वर्ग आहे आणि दोघांना थेट जोडणारा लोहमार्ग अद्याप नाही. रेल्वेने जायचे तर कल्याणमार्गे किंवा मनमाड-दौंडमार्गे वळसा घालावा लागतो. तरीही या मार्गावर सुरू झालेली विमानसेवा टिकली नाही. केंद्राच्या 'उडान' योजनेत कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या पुनरुज्जीवित एअर डेक्कनला हा मार्ग मिळाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये बीचक्राफ्ट जातीच्या अठरा आसनी विमानाने सेवा सुरू झाली. ती कधीच नियमित होऊ शकली नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, कंपनीने आपले कामकाजच थांबविले. पुढे अलायन्स एअरचे विमानही या मार्गावर काही काळ उडाले आणि थांबले. दोन्ही वेळी दोष कंपनीच्या माथी मारला गेला. कंपन्यांच्या कारभारात दोष होतेही. पण अपयशाचे मूळ मार्गाच्या लांबीतच आहे, हे फारसे कोणी बोलले नाही.

वीस मिनिटांची पन्नास मिनिटे

वेळापत्रकात छापलेली उड्डाणाची वेळ ही विमान हवेत असण्याची वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा काळ म्हणजे 'ब्लॉक टाइम', आणि तिकिटावर दिसतो तो हाच. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, परवानगीची वाट पाहणे, चढण, उतरण, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे आणि उतरल्यानंतरचे पुन्हा रांगणे, हे सारे येते. नाशिक-पुणे मार्गावर वीस मिनिटांचे अंतर वेळापत्रकात पाऊण तास ते पन्नास मिनिटांचे होते, ते यामुळे.

या मार्गाची आणखी एक गंमत आहे. प्रवास सरळ उत्तर-दक्षिण. पण दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या मात्र पूर्व-पश्चिम. ओझरची धावपट्टी ०९/२७, लोहगावची १०/२८. हे आकडे म्हणजे होकायंत्रातील अंशांचे दहावे भाग. ०९ म्हणजे नव्वद अंश, थेट पूर्व. ओझरहून निघालेले विमान आधी पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे झेपावते, मग काटकोनात वळून दक्षिणेला लागते आणि लोहगावजवळ आल्यावर उतरण्यासाठी पुन्हा काटकोनात वळते. हजार किलोमीटरच्या प्रवासात ही वळणे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. १७० किलोमीटरच्या प्रवासात ती एकूण वेळेचा चांगलाच लचका तोडतात. एवढ्या छोट्या टप्प्यात विमानाला आपल्या नेहमीच्या उंचीवर जाऊन पूर्ण वेगाने स्थिर उडण्याची उसंत फारशी मिळत नाही. चढण संपते न संपते तोच उतरण सुरू करावी लागते.

त्यातच दोन्ही ठिकाणे मूळची नागरी नव्हेत. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमाने तेथे पाहुण्यासारखी येतात. लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा सांभाळून प्रवासी विमानांना जागा मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी हा विमानतळ सलग चौदा दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा पुणेकरांना या पाहुणेपणाची जाणीव झाली. ओझर हा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ. मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमाने तेथे तयार झाली. धावपट्टी लांब, जागा ऐसपैस, पण तो उभारला गेला कारखान्यासाठी. प्रवासी नंतर आले.

ओझरची उलटी वाट

प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रश्न धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा नाही, दारापासून दारापर्यंतचा आहे. येथे नाशिक-पुणे मार्गाचा भूगोलच विमानाच्या विरोधात जातो. ओझर नाशिकच्या ईशान्येला, आग्रा महामार्गावर, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पुण्याला जायचे म्हणजे दक्षिणेला. पण विमान गाठायचे तर आधी तास-पाऊण तास उलट्या दिशेने जायचे. जो प्रवासी नाशिकरोड किंवा सिन्नर परिसरातून निघतो, त्याला तर पुण्याचा रस्ता दाराशी सोडून पाठ फिरवून ओझरकडे जावे लागते.

पुण्याच्या बाजूला याच्या उलट घडते. नाशिकहून पुण्याकडे जाणाऱ्या नोकरदारांचे, उद्योजकांचे, माल पुरविणाऱ्या लघुउद्योजकांचे काम प्रामुख्याने असते कुठे? चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि अलीकडे हिंजवडी. यातील चाकण आणि भोसरी नाशिक महामार्गावरच आहेत. पुणे शहरात पोहोचण्याआधीच मोटारीने जाणारा प्रवासी चाकणला उतरतो, तेव्हा पुणे अजून तीस किलोमीटर पुढे असते. पिंपरी-चिंचवडमधील एका चौकाचे नावच नाशिक फाटा आहे. विमानाने जाणारा मात्र या सगळ्यांच्या डोक्यावरून लोहगावला उतरतो आणि मग पुण्याच्या वाहतुकीतून वाट काढत मागे फिरतो.

आता बेरीज करून पाहावी. नाशिक शहरातून ओझर, पाऊण तास. उड्डाणापूर्वी किमान एक तास आधी पोहोचणे आले. कंपन्या त्याहून अधिक वेळ राखण्यास सांगतात. ब्लॉक टाइम पन्नास मिनिटे. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटे. लोहगाव ते शिवाजीनगर, सकाळच्या गर्दीत, चाळीस मिनिटे. एकूण झाले तीन तास पस्तीस मिनिटे. हिंजवडीला जायचे असल्यास चार तासांच्या पुढे. मोटारीने साडेचार ते पाच तास लागत असतील, तर वाचला तो फार तर तासभर. चाकणला जाणाऱ्याचे तर नुकसानच. या तासाभरासाठी दीड-दोन हजार रुपये मोजण्याची तयारी असलेले प्रवासी नाशिकमध्ये नाहीत असे नाही, पण ते रोज विमान भरण्याइतके आहेत का, हा प्रश्न आहे.

शिवाय विमान दिवसातून एकदाच. दुपारी बाराचे काम असलेल्या माणसाला संध्याकाळी सहाचे विमान उपयोगाचे नाही. कामाची वेळ आणि विमानाची वेळ यांतली तफावत हाही प्रवासाचाच भाग असतो, मात्र तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. एसटीच्या गाड्या दिवसभर सुटतात, खासगी बस रात्रीही मिळते आणि स्वतःची मोटार तर केव्हाही काढता येते. थोड्या अंतराच्या विमानाची स्पर्धा प्रत्यक्षात होते ती यांच्याशी.

अंतर वाढले तरी वेळ वाढत नाही

हाच हिशेब अंतर बदलून केला तर चित्र पालटते. विमानप्रवासात जमिनीवर जाणारे पावणेतीन तास प्रवास कितीही किलोमीटरचा असला तरी साधारण तेवढेच राहतात. वाढतो तो फक्त हवेतला वेळ, आणि हवेत शंभर किलोमीटरला बारा-पंधरा मिनिटे पुरतात. कोल्हापूर आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर. ब्लॉक टाइम तासाभराचा धरला तर दारापासून दारापर्यंत पावणेचार ते चार तास. रस्त्याने हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आणि वेळ सात ते आठ तास. महालक्ष्मी एक्स्प्रेसने अख्खी रात्र. येथे प्रवाशाचे तीन-चार तास खरोखर वाचतात. स्टार एअरने ऑक्टोबर २०२२ मध्ये हा मार्ग हाती घेतला तेव्हा त्यामागे हे गणित होते.

अमरावतीचे उदाहरण आणखी बोलके आहे. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, एटीआर विमानाला वेळापत्रकात दिलेला वेळ सुमारे पावणेदोन तास. दारापासून दारापर्यंत साडेचार तास धरले, तर रात्रभराच्या रेल्वेप्रवासाच्या तुलनेत अर्ध्याहून अधिक वेळ वाचतो. नाशिक-पुण्याच्या तिपटीहून अधिक अंतर आणि एकूण प्रवासात जेमतेम एका तासाची वाढ! विदर्भातील माणसाला मुंबईत मंत्रालयातले किंवा रुग्णालयातले काम करून लवकर परतता येणे ही चैन नव्हे, याची कल्पना मुंबई-पुण्यात बसून येत नाही.

ओझरच्या बाबतीतही हेच दिसते. इंडिगोने मार्च २०२३ मध्ये नाशिकहून सेवा सुरू केली ती गोवा, अहमदाबाद आणि नागपूर या ठिकाणांसाठी. पुढे हैदराबाद, दिल्ली, बंगळूर यांची भर पडली. पुणे या यादीत नव्हते. व्यावसायिक कंपनी नफ्याचे गणित मांडून मार्ग निवडते, तेव्हा ती नकळत प्रवाशाच्या वाचलेल्या वेळेचेच गणित मांडत असते.

अर्थात हे गणितही स्थिर नाही. रस्ता सुधारला की विमानाला परवडणारे किमान अंतर वाढते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि हे अंतर मोटारीने आठ तासांत कापणे शक्य झाले. नाशिक-नागपूर प्रवास त्यामुळे सात तासांच्या आसपास आला. विमानाने साडेचार तास लागत असतील, तर फायदा उरतो, पण पूर्वीइतका घसघशीत नाही. साध्या रस्त्यावर दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या पुढे विमान फायद्याचे ठरत असेल, तर द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात ही मर्यादा साडेतीनशे-चारशेपर्यंत सरकते. याला अपवाद पाण्याचा. स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये तीन किलोमीटरहूनही कमी अंतराची नियमित विमानसेवा चालते. उड्डाण अवघ्या दोन मिनिटांचे. तेथे मध्ये समुद्र आहे. नाशिक आणि पुण्याच्या मध्ये संगमनेर आहे.

अनुदान कशावर?

'उडान' योजनेचा विचार या पार्श्वभूमीवर व्हायला हवा. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली विमानाने तिचा प्रारंभ झाला. त्याच दिवशी महाराष्ट्रातील नांदेडहून हैदराबादला विमान सुटले. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, ही घोषणा तेव्हा घरोघरी पोहोचली. विमानातील निम्म्यापर्यंत जागा सवलतीच्या दरात ठेवायच्या आणि कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, अशी ही रचना. तुटीचा मोठा भार केंद्राच्या निधीवर आणि पाचवा हिस्सा राज्यावर. केंद्राचा हा निधीही मुख्यतः मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकारलेल्या अधिभारातून उभा राहतो. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी छोट्या मार्गाच्या प्रवाशाचा भार थोडा उचलतो. त्यात वावगे काही नाही.

नेमके पाणी मुरते ते अनुदानाच्या मापात. तुटीची मर्यादा ठरते ती दोन विमानतळांमधील हवाई अंतरावर आणि विमानाच्या प्रकारावर. प्रवाशाचा वेळ किती वाचला, त्याला दुसरा पर्याय होता का, शहरापासून विमानतळ किती दूर आहे, याला त्या सूत्रात स्थान नाही. म्हणून १७० किलोमीटरचा नाशिक-पुणे मार्ग आणि रेल्वेही धड नसलेल्या एखाद्या दुर्गम जिल्ह्याचा मार्ग कागदावर एकाच रांगेत उभे राहतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात या योजनेचा ताळेबंद मांडला, तो डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांचा पूर्ण कालावधी गाठला तो केवळ ११२ मार्गांनी, आणि अनुदान संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत तग धरली अवघ्या ५४ मार्गांनी.

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचा अनुभव याच चौकटीतला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या समारंभात सुरू झालेली मुंबई सेवा तीन वर्षांनी, २०२४ मध्ये खंडित झाली. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला होता. चिपीपासून मोपा हवेतून पन्नास किलोमीटरही नाही. दिवसाला एका विमानावर अवलंबून राहण्यापेक्षा सावंतवाडीच्या प्रवाशाने अनेक विमानांचा मोपा निवडला, तर त्याला दोष कसा द्यावा? त्या प्रवाशाच्या हिशेबात मोपाचा रस्ता होता. योजनेच्या हिशेबात फक्त चिपी होते.

केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित 'उडान'मधून येत्या दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे जाहीर केले आहे. ठिकाणांची संख्या मोजणे सोपे असते आणि उद्घाटनाची फीत कापणे त्याहून सोपे. पण प्रत्येक मार्गासाठी दारापासून दारापर्यंत वाचणारा वेळ हा निकष लावला, तर महाराष्ट्रातील पैसा कुठे जावा हे आपोआप स्पष्ट होते. विदर्भ, मराठवाडा, दक्षिण महाराष्ट्र यांना एकमेकांशी आणि मुंबईशी जोडणारे लांब मार्ग आधी, शेजारच्या जिल्ह्यांना जोडणारे मार्ग नंतर. फ्रान्सने मे २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येणाऱ्या ठिकाणांची काही देशांतर्गत उड्डाणे कायद्यानेच बंद केली. तेथील हेतू पर्यावरणाचा होता आणि तेथे वेगवान रेल्वे होती. आपल्याकडे तशी बंदी घालण्याची गरज नाही. पण बंद पडणारच असलेल्या मार्गावर सरकारी पैसा ओतण्याचीही नाही.

लोहमार्ग वळणावर

मग नाशिक-पुण्याचे काय? या अंतराला खरे उत्तर रेल्वेचे आहे आणि ते अनेक वर्षे कागदावर आहे. २३५ किलोमीटरचा निमद्रुतगती लोहमार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग आणि पावणेदोन तासांत प्रवास, असा महारेलचा प्रस्ताव होता. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण या पट्ट्यातून जाणारी ही गाडी नेमकी तेथूनच गेली असती, जेथे प्रवासी राहतात आणि काम करतात. वाटेतल्या भाजीपाल्याला, फुलांना आणि चाकणच्या सुट्या भागांना तिचा उपयोग झाला असता तो वेगळाच. विमानाला हे कधीच जमणार नाही. ते संगमनेरला थांबत नाही.

अडचण निघाली ती नारायणगावजवळ खोडद येथे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचा जीएमआरटी प्रकल्प, आकाशातील अतिशय क्षीण संकेत टिपतो. विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटाने या कामात व्यत्यय येईल, ही शास्त्रज्ञांची हरकत टाळण्यासारखी नव्हती. त्यानंतर शिर्डी-अहिल्यानगरमार्गे नवा मार्ग पुढे आला. त्याने दुर्बीण वाचते, शिर्डीच्या भाविकांची सोय होते. पण मार्ग पूर्वेकडे वळसा घेतो आणि संगमनेर, जुन्नर, आंबेगाव, खेड हे तालुके बाजूला पडतात. तेथील लोकांचा विरोध त्यामुळेच आहे. दुर्बिणीला धक्का न लावता जुन्या मार्गाच्या जवळून जाण्याचा तांत्रिक तोडगा आहे का, याचे उत्तर रेल्वेने आकडेवारीसह द्यायला हवे. वळशाने पावणेदोन तासांचे किती होतात, हेही.

दरम्यान पुण्याचा विमानतळही जागा बदलण्याच्या बेतात आहे. पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ योजला असून, भूसंपादनाला गावकऱ्यांचा विरोध आहे. तो उभा राहिला तर ओझरपासूनचे हवाई अंतर १७० वरून दोनशे किलोमीटरच्या आसपास जाईल. उड्डाणात भर पडेल ती चार-पाच मिनिटांची. नाशिक फाट्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला मात्र पुणे शहर ओलांडून, सासवड परिसरातून दिवे घाट उतरून परत यावे लागेल, आणि त्याला त्या रस्त्याचा आणखी तासभर मोजावा लागेल.